ठाण्याची जमा आणि खर्च

आपण भरलेला दंड पोलीस ठाण्याच्या पेटीत राहतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. दंड सरकारजमा होतो. ठाण्याला स्वतःचे उत्पन्नच नसते. घटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा राज्यांचा विषय. म्हणून बेळगावच्या शिपायाचा पगार बंगळूरच्या अंदाजपत्रकातून निघतो, आणि २०३ व्या कलमाप्रमाणे त्याची मागणी विधानसभेपुढे यावी लागते. रेल्वे पोलिसांची गोष्ट थोडी निराळी. तिथे निम्मा भार रेल्वे उचलते.

खरी मेख खर्चात आहे. सर्वांत मोठा वाटा पगार-भत्त्यांत जातो. माणसे हवीतच, पण पेट्रोल, दुरुस्ती, तपासाचा प्रवास, कागद हे सारे उरलेल्यातून भागवायचे. तक्रारदाराला कोरे कागद आणायला सांगतात, त्याचे एक मूळ इथे आहे (सबब म्हणूनही ते चालते, हा भाग वेगळा!). केंद्र १९६९-७० पासून आधुनिकीकरणासाठी मदत देते. त्यातून वाहने, शस्त्रे, बिनतारी यंत्रणा मिळते, पगार नव्हे. जीप अशी आली, तरी तिच्यात रोज तेल घालायचे ते राज्याच्याच पैशातून.

सभागृहात ठरलेली वेळ संपली, की उरलेल्या मागण्या चर्चेवाचूनच मताला टाकतात. गृहखात्याची मागणी त्यांत सापडली, तर या तेलाबद्दल कोणी विचारीतही नाही.