डिझेलचा भाव आणि शेतमालाचे भाडे

दादर स्थानकाच्या पश्चिमेस पहाटे भाजीचा बाजार भरतो. नाशिक व पुणे जिल्ह्यांतून रात्री निघालेले ट्रक आणि टेम्पो उजाडण्यापूर्वी तेथे रिकामे होतात. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत मिरची येते. परळ व गिरगावच्या मंडयांत फळे आणि भाजी पोहोचते. हा माल बहुतांशी डिझेलवर चालणाऱ्या वाहनांतून येतो. म्हणून डिझेल महागले की शेतकऱ्याच्या पट्टीतील वाहतुकीची रक्कम फुगते. डिझेलचा भाव का बदलतो व त्यामुळे भाडे किती बदलावयास हवे, हे ज्यास ठाऊक असते, त्यालाच भाड्याची बोलणी नीट करता येतात.

एका तेलापासून दोन इंधने

पेट्रोल आणि डिझेल ही दोन्ही इंधने खनिज तेलापासून निघतात. मुंबईच्या पूर्वेस ट्रॉम्बे-माहुल येथे १९५४ व १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आहेत. तेथे खनिज तेल तापवून त्याची वाफ उंच मनोऱ्यात सोडतात. हलकी वाफ वरच्या भागात थंड होते व तिच्यापासून पेट्रोल मिळते. त्याहून जड असलेले डिझेल खालच्या भागात जमा होते. डिझेल जड असल्याने त्याच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक उष्णता असते. शिवाय डिझेलचे इंजिन त्या उष्णतेचा अधिक चांगला उपयोग करते. ट्रक, ट्रॅक्टर व पाण्याचे इंजिन यांस डिझेल सोयीचे पडते ते यामुळे.

कारखान्यास तेलातून केवळ डिझेल किंवा केवळ पेट्रोल काढता येत नाही. दोन्ही निघतात व त्यांचे प्रमाण थोडेफारच बदलता येते. त्यामुळे जगाच्या बाजारात ज्या इंधनास मागणी अधिक, त्याचा भाव चढतो. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर जागतिक बाजारात डिझेल पेट्रोलहून अधिक महागले, हे याचे उदाहरण होय. तरीही आपल्या पंपांवर डिझेल सहसा पेट्रोलहून स्वस्त असते. त्याचे कारण करांत आहे.

भाव कशाचा बनतो

पंपावरील दरात चार भाग असतात : कारखान्याचा दर व वाहतूक, केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क, पंपचालकाचे कमिशन आणि राज्याचा विक्रीकर. केंद्राचे शुल्क लिटरमागे ठराविक रुपयांत असते. मे २०२२ च्या कपातीनंतर ते पेट्रोलवर १९ रुपये ९० पैसे व डिझेलवर १५ रुपये ८० पैसे राहिले. राज्याचा कर मुख्यतः शेकड्याने असतो. मुंबई, ठाणे व नवी मुंबई या भागांत तो उर्वरित महाराष्ट्रापेक्षा अधिक होता. तेलाचे कारखाने परळ-लालबागपासून अवघ्या काही मैलांवर असूनही तेथील वाहनचालकास इंधन स्वस्त मिळत नसे, ते यामुळे. १ जुलै २०२४ पासून या भागांतील डिझेलवरचा कर २४ टक्क्यांवरून २१ टक्के व पेट्रोलवरचा २६ वरून २५ टक्के करण्यात आला. कर शेकड्याने असला म्हणजे मूळ दर एक रुपयाने वाढताच ग्राहकास २१ टक्क्यांच्या हिशेबाने १ रुपया २१ पैसे अधिक मोजावे लागतात.

भाव वरखाली का होतात

भारतास लागणाऱ्या खनिज तेलापैकी पाच भागांतील चार भागांहून अधिक तेल परदेशांतून येते व त्याची किंमत डॉलरमध्ये द्यावी लागते. तेल पिंपाच्या मापाने विकले जाते. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल मावते. डॉलरचा दर ८० रुपये धरल्यास पिंपामागे एक डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे सुमारे ५० पैसे होतात. तेलाचा भाव स्थिर राहून रुपया घसरला तरीही इंधनाचा खर्च वाढतो.

पूर्वी इंधनाचे दर सरकार ठरवीत असे व शेती आणि मालवाहतूक यांच्यासाठी डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवीत असे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये व डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये मुक्त झाले. मधल्या काळात, मे २०१२ मध्ये, दोहोंत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर पडले होते. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलण्याची पद्धत सुरू झाली. मात्र जागतिक भाव उतरला म्हणजे पंपावरील दर उतरतोच असे नाही. २०२० च्या वसंतात खनिज तेल कोसळले, तेव्हा केंद्राने शुल्क वाढविले व ग्राहकास स्वस्ताई लाभली नाही. पुढे तेल चढू लागले आणि २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली. याउलट एप्रिल २०२२ ते मार्च २०२४ या काळात कंपन्यांनी आपले दर जवळजवळ स्थिर ठेवले.

भाड्याचा हिशेब

गिरगाव-परळच्या उतारूस टॅक्सीचे भाडे परिवहन प्राधिकरण ठरवून देते. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत टॅक्सीचे किमान भाडे २८ रुपयांवरून ३१ रुपये झाले, ते अशाच आदेशाने. शेतमालाचे भाडे मात्र शेतकरी व वाहनमालक यांच्या बोलणीने ठरते. तेथे हिशेब शेतकऱ्यानेच करावयाचा असतो.

समजा, नाशिकहून दादरला जाऊन येण्याचा प्रवास ३४० किलोमीटरचा आहे व ट्रक लिटरमागे ५ किलोमीटर चालतो. एका फेरीस ६८ लिटर डिझेल लागेल. डिझेल लिटरमागे ३ रुपयांनी महागले, तर फेरीचा खर्च २०४ रुपयांनी वाढला. ट्रकमध्ये ८ टन माल असल्यास ही वाढ किलोमागे अडीच पैशांच्या आसपास येते. ट्रक अर्धाच भरला असेल, तर ती दुप्पट होते. डिझेलचे नाव सांगून कोणी किलोमागे २५ पैसे अधिक मागू लागला, तर त्यातील बराच भाग डिझेलचा नाही, हे उघड आहे. टायर, पथकर, चालकाचा पगार यांचा खर्च खरोखर वाढला असेल, तर तो वेगळा सांगण्यास वाहनमालकास विनंती करावी.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भाडे ठरविताना त्या दिवसाचा डिझेलचा दर वहीत लिहून ठेवावा. दर वाढल्यास किती व उतरल्यास किती भाडे बदलेल, हे आधीच बोलून घ्यावे. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पूर्ण गाडी भरावी. परतीच्या फेरीस खत, बियाणे किंवा अन्य माल मिळाल्यास इंधनाचा भार दोन फेऱ्यांवर वाटला जातो. ग्रामसेवकांनी हा हिशेब गावातील फळ्यावर मांडून दाखवावा व डिझेलचा दर बदलेल तेव्हा नवा आकडा लिहावा. जगाच्या बाजारातील भाव शेतकऱ्याच्या हाती नाही; परंतु त्या भावाच्या नावाखाली पट्टीतून किती पैसे कापले जावेत, हे पाहणे त्याच्या हाती आहे.