लव्हाळ्याला ऊन दाखवा

मराठीत तण काढण्याला निंदणी म्हणतात. निंदणी आणि निंदा हे शब्द इतके शेजारी आहेत, याची कवी म्हणून मला गंमत वाटते. पण नुसती निंदा करून तण जात नाही. उपटलेल्या तणाचं पुढं काय करायचं, हाच खरा प्रश्न.

पुण्यात सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर बाग करायची तर माती बहुधा विकतच आणावी लागते. तिच्याबरोबर अनेकदा दोन पाहुणे येतात, लव्हाळा आणि हरळी. जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर लेरॉय होम आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ १९७७ साली निघाला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. हीच हरळी दूर्वा म्हणून गणपतीला वाहतात, आणि लव्हाळ्याच्या कुळातला नागरमोथा उटण्यात नि अत्तरात असतो. म्हणून मी त्यांना शत्रू म्हणत नाही. पण वांग्याच्या वाफ्यात ते नकोत.

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण बोटांत दांडा फिरवून पाहा, तो तिकोनी लागतो. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. वरचं पान ओढलं की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. हरळीच्या काशांचंही तसंच. प्रत्येक पेर म्हणजे नवं रोप. म्हणून माती ओली असताना कुदळीनं खणून, चाळून सगळं वेचावं.

हे सारं कचऱ्याच्या डब्यात टाकणं सोपं. पण आपला डबा रिकामा होतो, तेव्हा कुणाचं तरी शिवार भरतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी वर्षानुवर्षं सोसलं, आंदोलनं केली. जाळणंही नको, धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो.

मग खत करावं? जरूर, पण आधी गाठ मारावी. मोठा, नीट रचलेला ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, त्यात गाठी मरतात. घरचा डबा एवढा तापत नाही, आणि गांडूळखत तर थंडच ठेवावं लागतं. तिथं टाकलेल्या गाठी जगतात आणि खताबरोबर साऱ्या कुंड्यांत पोचतात.

फुलोरा नसलेली पानं थेट खतात टाकावीत. हरळीच्या काशा झाकणाच्या पिंपात पाण्याखाली दोनेक महिने पूर्ण कुजू द्याव्यात. डासांसाठी झाकण घट्ट हवं. लव्हाळ्याला मात्र पाण्याचं भय नाही. पुरात तगणारा लव्हाळा तुकोबांच्या अभंगातही आहे. त्याला ऊनच हवं. एप्रिल-मेमध्ये गाठी पत्र्यावर पातळ पसराव्यात, दोन-तीन आठवडे वरखाली कराव्यात. पावसाळ्यात निघालेल्या गाठी कोरड्या गोणीत ठेवून ऑक्टोबरच्या उन्हात घालाव्यात. शेतकरी उन्हाळी नांगरट करतो, त्यामागंही हेच शहाणपण आहे.

शेवटी परीक्षा घ्यावी. दहा गाठी ओल्या मातीच्या कुंडीत पुराव्यात आणि तीन आठवडे थांबावं. एकही कोंब आला नाही, तरच उरलेल्या खतात घालाव्यात. तणानं आपल्या मातीतून जे घेतलं, ते मग आपल्याच मातीत परत जातं.