एचआयव्ही समजून घेऊ या : ऊसतोडीला जाताना गोळ्या मागे राहू नयेत

१ डिसेंबर हा दिवस १९८८ पासून जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्याकडे फेऱ्या निघतात, शाळा-महाविद्यालयांत शपथ घेतली जाते. पण नेमके त्याच तारखेला बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे गावात नसतात. दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून मुकादमाच्या गाड्या भरतात आणि माणसे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, थेट बेळगावकडच्या उसाच्या फडांत पोहोचतात. या टोळ्यांत आपला बौद्ध समाजही मोठ्या संख्येने आहे. म्हणून एचआयव्हीची माहिती फेरीपुरती न ठेवता कोप्यांपर्यंत जायला हवी.

एचआयव्ही वेगळा, एड्स वेगळा

एचआयव्ही हा विषाणू आहे. तो रक्तातील सीडी-४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. या पेशी म्हणजे शरीराची राखण करणारी फौज. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार न घेतल्यास काही वर्षांत त्या घटत जातात. संख्या २०० च्या खाली गेली किंवा क्षयरोगासारखे गंभीर आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे लागण झालेल्या प्रत्येकाला एड्स झालेला नसतो, आणि वेळेवर औषध सुरू झाले तर तो होऊ नये अशी व्यवस्था आज आहे.

लागण झाल्यावर कित्येक वर्षे माणूस ठणठणीत दिसतो. तोही कोयता चालवतो, मोळ्या वाहतो. त्यामुळे चेहरा पाहून काहीच कळत नाही. कळते ते फक्त रक्ततपासणीने.

तो कसा पसरतो, कसा पसरत नाही

विषाणू पसरण्याचे मार्ग चारच : निरोधाविना लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि लागण असलेल्या आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. एका ताटात जेवल्याने, एका हापशाचे पाणी प्यायल्याने, डास चावल्याने, हात धरल्याने, कपडे एकत्र धुतल्याने तो पसरत नाही. आजारी माणसाचे ताट-तांब्या वेगळे ठेवणाऱ्या घराला त्यातून काहीच संरक्षण मिळत नाही. आजारी माणूस मात्र मनाने खचतो.

बचावाचे उपायही तितकेच सरळ आहेत. निरोध दरवेळी वापरावा. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. इंजेक्शन घेताना सुई समोर पाकिटातून काढायला सांगावी. यात्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदतात, तिथे गोंदवून घेऊ नये. रक्त फक्त परवानाधारक रक्तपेढीचे घ्यावे. अत्याचारासारख्या प्रसंगानंतर किंवा वापरलेली सुई टोचल्यास शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे २८ दिवसांचा प्रतिबंधक औषधोपचार सुरू करता येतो.

अंगावर काढलेली दुखणी

ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या आरोग्याचा प्रश्न २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पहाटेपासून फडात राबणे, आंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, खाडा केला तर दंड. अशा वेळी अंगावरून पांढरे जाणे, खाज, जखम ही दुखणी अंगावरच काढली जातात.

त्यांचा एचआयव्हीशी संबंध आहे. पांढरे जाणे म्हणजे एचआयव्ही नव्हे. पण जननेंद्रियांवर जखम किंवा जंतुसंसर्ग असेल, तर संबंधातून एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते. या आजारांवर साधे औषध आहे आणि सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये ते मोफत मिळते. नवरा-बायको दोघांनीही उपचार घ्यायचे असतात. एकट्या बाईला गोळ्या दिल्या तर दुखणे पुन्हा परतते आणि दोष मात्र तिच्याच माथी येतो.

तपासणी आणि औषध

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत तपासणी मोफत होते. अहवाल गुप्त ठेवला जातो. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तपासणीत ती दिसत नाही, म्हणून धोका वाटत असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. लग्न ठरवताना पत्रिका पाहण्यापेक्षा मुला-मुलीने आपल्या मर्जीने ही तपासणी करून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी औषध १ एप्रिल २००४ पासून मिळू लागले. आपल्या जिल्ह्यात बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे ते मिळते. २०१७ पासून सीडी-४ किती आहे याची वाट न पाहता, लागण कळताच औषध सुरू केले जाते. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तो सहा महिने तसाच दबलेला राहिला आणि गोळ्या चालू राहिल्या, तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेत औषध घेतले आणि जन्मानंतर बाळाला औषध दिले, तर १५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असणारा बाळाचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो.

म्हणजे गोळी हा जसा उपचार आहे, तसाच तो प्रसार रोखण्याचाही उपाय आहे. गोळी बंद पडली की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो आणि जोडीदारालाही धोका निर्माण होतो.

गोळी कुठे तुटते?

आपल्या भागात ती बहुधा फडात तुटते. उचल घेतलेली असते, म्हणून मध्येच गावी येता येत नाही. कोपीत सगळा संसार उघड्यावर, शेजारी भाऊबंद आणि मुकादमाची माणसे. डबी दिसली तर विचारतील, टोळीत ठेवणार नाहीत, या भीतीने गोळ्या घरीच राहतात.

त्यावर मार्ग आहे. निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगावे की आम्ही तोडीला चाललो. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. कारखान्याजवळच्या जिल्ह्यातील एआरटी केंद्रातूनही औषध घेता येते. त्यासाठी केंद्राने दिलेली उपचाराची वही सोबत ठेवावी. अडचण आल्यास १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

कायदा काय म्हणतो

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. लागण आहे म्हणून कामावरून काढणे, शाळेत प्रवेश नाकारणे, दवाखान्यात उपचार नाकारणे बेकायदेशीर आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, परवानगीशिवाय कुणाचा अहवाल उघड करता येत नाही. नवरा गेला म्हणून विधवा सुनेला घराबाहेर काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, एकत्र राहत्या घरात राहण्याचा हक्कही हा कायदा देतो.

हे कायदा येण्याआधी काही माणसांनी करून दाखवले. बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांच्या इन्फंट इंडियात एचआयव्हीसह जगणारी मुले वाढली, शिकली. काहींची लग्नेही तिथेच लागली. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांच्या सेवालयातील मुलांना गावच्या शाळेत बसू देण्यास विरोध झाला होता. तरीही ती मुले शिकली.

विहारात बोलू या

हा विषय विहारात कसा काढायचा, असा संकोच अनेकांना वाटतो. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. तेव्हा कर्व्यांची बाजू न्यायालयात मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्यांनी घेतली. त्यांच्या अनुयायांनी आज या विषयावर मान खाली घालण्याचे कारण नाही.

गाड्या भरण्याआधीच्या पंधरवड्यात प्रत्येक गावच्या विहारात एक बैठक व्हावी. आशाताईंना किंवा केंद्रातील समुपदेशकांना बोलवावे. महिला मंडळाने बायांशी वेगळे बोलावे, तरुणांनी तरुणांशी. कुणाला लागण आहे हे विचारायचे नाही. तपासणी कुठे होते, गोळ्या कुठे मिळतात, कायदा काय सांगतो, एवढेच सगळ्यांना सांगायचे. मग ज्याला गरज आहे तो कुणालाही न कळवता आपली डबी बोचक्यात बांधून नेईल, आणि हंगाम संपल्यावर गावी परत येईल तो धडधाकट.