आधी सांधा, मग बॅटरी

हॉर्न नीट वाजत होता, हेडलाइटही लागत होता. पण सेल्फचं बटण दाबलं की साईड पॅनलच्या आतून नुसतं ‘टक्’ व्हायचं आणि इंजिन ढिम्म. ऑगस्टचा पाऊस, अंगावर रेनकोट, आणि गाडी रत्नागिरी-पावस रस्त्यावर गोळपजवळ एका टपरीपुढे उभी. माझी दीडशे सीसीची जुनी बाईक. तिला किक आहे म्हणून त्या दिवशी पावसला वेळेवर पोचलो. संध्याकाळी रत्नागिरीला परतताना रस्त्यालगतच्या एका गॅरेजात थांबलो. कारागिराने दोनदा बटण दाबलं आणि पॅनल न उघडताच निकाल दिला, “बॅटरी गेली. नवीन टाका.”

बॅटरीला चार वर्षं झाली होती, त्यामुळे निकाल अशक्य वाटला नाही. पण न बघता दिलेला निकाल पटेना. रविवारी पाऊस उघडल्यावर गाडी पडवीत घेतली, मल्टिमीटर काढला आणि पॅनल उघडलं.

पॉझिटिव्ह टर्मिनलवर पांढरा, ओलसर फुलोरा आला होता. खाऱ्या हवेतल्या भिंतीला लोणा फुटतो, तसा. त्याच्या कडेने निळसर हिरवी झाक. बॅटरी चार्ज होताना आतल्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतो, आणि त्यांच्याबरोबर गंधकाम्लाचे सूक्ष्म तुषार झाकणाच्या फटींतून, टर्मिनलच्या बुडातून बाहेर येतात. ते शिशावर बसले की पांढरं लेड सल्फेट तयार होतं. तांब्यावर बसले की मोरचूद. पोफळींना कोळेरोग लागू नये म्हणून चुना कालवून फवारतात, तेच मोरचूद. आजी पितळीत ताक ठेवू देत नसे. कल्हई उडालेल्या भांड्यात ते कळकतं म्हणायची. आंबट आणि तांबं एकत्र आलं की काय होतं, ते तिला स्वयंपाकघरात कळलं होतं. बॅटरीच्या टोकाशी घडतं ते याच जातीचं, फक्त आंबट फार जहाल. त्यात वाटेतल्या भाट्याच्या पुलावरची खारी हवा, येता-जाता रोज दोनदा.

मग हॉर्न कसा वाजतो? साधं गणित आहे. समजा, या क्षारामुळे सांध्यात ०.०५ ओहमचा रोध आला. हॉर्नला तीन अँपिअर लागतात असं धरलं, तर सांध्यात ०.१५ व्होल्ट वाया जातात. हॉर्नच्या आवाजात फरक कळत नाही. सेल्फच्या मोटरने सुरू होताना साठ अँपिअर ओढले, तर त्याच सांध्यात तीन व्होल्ट जातात. बारातले नऊ उरले, आणि एवढ्या ओढीने बॅटरीही थोडी खाली बसते. मोटरने फिरायचं कशावर? म्हणून ‘हॉर्न वाजतोय म्हणजे वायरिंग ठीक, म्हणजे बॅटरीच गेली’ हा तर्क फसवा आहे. खराब सांधा हलक्या कामात लपतो आणि जड कामात उघडा पडतो.

तो पकडायची रीत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरं त्याच टर्मिनलला जोडलेल्या वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, म्हणजे थिंबलवर, आणि सेल्फ दाबायचा. दोघांत सेंटिमीटरभराचंही अंतर नाही, तेव्हा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ०.१ व्होल्टपर्यंत चालतो. माझ्याकडे पॉझिटिव्हवर १.६ आला, निगेटिव्हवर १.१. जवळजवळ पावणेतीन व्होल्ट मोटरपर्यंत पोचतच नव्हते.

इग्निशन बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडवली, मग पॉझिटिव्ह. हा क्रम पाळायचाच. निगेटिव्ह चॅसीला जोडलेली असते. ती जागेवर असताना पॉझिटिव्हच्या बोल्टवरचा पाना चॅसीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो आणि पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. त्यातून बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असतो, म्हणून ठिणगी नको आणि विडी-सिगारेट तर नकोच. हातातली अंगठी, कडं काढून ठेवलं. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घातले.

बॅटरी बाहेर काढून कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवला. झाकणं घट्ट आहेत ना हे आधी तपासलं, कारण सोडा आत गेला तर आतलं आम्लच मरतं. जुन्या टूथब्रशने तो टर्मिनलवर लावला. फसफसून फेस आला, बसला, पुन्हा लावला. फसफस थांबली म्हणजे आम्ल संपलं. स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं केलं, आणि टर्मिनल, बोल्ट, थिंबल पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासले. शिसं उजळून राखाडी चकाकलं. सुका क्षार मात्र कधी खरवडून फुंकू नये. त्यात शिसं असतं, ते श्वासातून जातं. ओलं करूनच काढावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

निगेटिव्हचं दुखणं वेगळं होतं. थिंबल वरून बरी दिसत होती, पण तिच्यालगतचं वायरचं आवरण फुगलं होतं. ते चिरलं तर आतल्या तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या, बोटाने चुरडाव्यात अशा. आम्ल आवरणाखालून आत सरकलं होतं. दोन सेंटिमीटर वायर कापल्यावर लालसर तांबं दिसलं. ऑटो इलेक्ट्रिकवाल्या काकांकडे जाऊन नवी थिंबल बसवून घेतली. ते म्हणाले, “नुसता कथलाचा डाग देऊन चालत नाही. थिंबल आधी दाबून बसली पाहिजे, डाग मागाहून.” निगेटिव्हचं दुसरं टोक चॅसीला जिथे बोल्टने बसतं, तिथला गंजही त्यांनी काढायला लावला.

जोडताना उलट क्रम: आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ थर. सांधा धातूला धातू लागूनच झाला पाहिजे. व्हॅसलिन फक्त ओल आणि तुषार अडवायला. सेल्फ दाबला, इंजिन सुरू झालं. दोन्ही सांध्यांतला आकडा आता ०.०५च्या आत होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. बॅटरीला रात्रभर चार्जर लावला. तो काढल्यावर काही तासांनी मोजलं तर १२.५ व्होल्ट. निरोगी बॅटरी भरल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते. सेल्फ मारताना ती ८.४पर्यंत कोसळत होती, ९.५च्या खाली जाऊ नये. माझी बॅटरी पाण्याची, म्हणून सहाही घरांतल्या, म्हणजे सेलमधल्या, आम्लाची घनता हायड्रोमीटरने पाहिली. पाच घरांत १.२६, एकात १.१५. एक घर बसलं होतं. गॅरेजवाल्याचा निकाल बरोबर ठरला, पण अर्धाच. क्षाराने चार्जिंगचीही वाट अडवली असावी. अपुऱ्या चार्जवर महिनोन्महिने राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते मग निघत नाही. त्या दिवशी नुसती नवी बॅटरी टाकली असती, तर तीही याच कुजक्या सांध्यांवर उपाशी राहिली असती.

नव्या बॅटरीआधी गाडीचं चार्जिंग तपासलं. इंजिनला रेस दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत, माझ्याकडे १४.२ आले. १५च्या आसपास येत असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडलाय, आणि तो नवी बॅटरीही उकळून संपवतो.

दुकानात गेल्यावर चार गोष्टी पाहिल्या. पहिली, मॅन्युअलमधला आकडा: १२ व्होल्ट, ९ एएच (अँपिअर-तास). कमी एएचची स्वस्त बॅटरी सेल्फला पुरत नाही. मोठी ट्रेमध्ये बसत नाही. दुसरी, पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे. उलट बाजूची आणली तर वायर ताणली जाते आणि टोक चॅसीला टेकायची भीती. तिसरी, प्रकार. मी सीलबंद घेतली. तिच्यात आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं, तुषार फारसे बाहेर येत नाहीत. आमच्या हवेत ते मोलाचं. मात्र तिच्यात पाणी घालता येत नाही, म्हणून जास्तीचं चार्जिंग तिला सोसत नाही. चौथी, तयार झाल्याची तारीख. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते. सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुकानातच व्होल्ट मोजायला सांगावं. लिथियमची हलकी असते, पण जुन्या गाडीच्या चार्जिंगशी जुळेलच असं नाही आणि महागही पडते.

वॉरंटीच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. त्यातले किती महिने पूर्ण बदलून मिळते आणि किती महिने नुसती सूट, ते कार्डावर वाचून शिक्का घ्यावा. पाण्याची बॅटरी घेतलीत तर आम्ल भरल्यावर पहिलं चार्जिंग सावकाश करून मागा. ९ एएचला ०.९ अँपिअरने काही तास लागतात. घाईत ते टाळलं तर बॅटरी कधीच पूर्ण ताकदीला येत नाही. नंतर बॅटरीच्या घरांत घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल कधीच नाही.

जुनी बॅटरी दुकानदाराने वजावट देऊन परत घेतली. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती भंगारात देऊ नका. ती फोडून आम्ल गटारात ओतलं, तर शिसं विहिरीपर्यंत पोचू शकतं.

एप्रिल २०२०पासून बीएस-सहा प्रदूषण निकष आल्यावर बहुतेक बाईक फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या, अनेकींची किकही गेली. त्यांच्या इंधन पंपालाही बॅटरीच लागते. गोळपला मला किकने तारलं. तुमच्या गाडीला ती नसेल तर सांधे तपासायचं दहा मिनिटांचं काम टाळू नका. मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीत एकदा पॅनल उघडा, सांधे बघा, बोल्ट आवळा, व्हॅसलिन लावा. आणि कुणी न बघता ‘बॅटरी गेली’ म्हणालं, तर आधी त्याला पॅनल उघडायला सांगा.