हृदयाचा एमआरआय आणि रोखलेला श्वास

हृदयाचा एमआरआय काढताना दोन हालचाली आड येतात, ठोक्यांची आणि श्वासाची. ठोक्यांवर ईसीजीचा उपाय आहे. छातीवर चिकटवलेल्या पट्ट्यांमुळे मशीनला प्रत्येक ठोका कळतो आणि अनेक ठोक्यांतून थोडी थोडी माहिती गोळा करून एक चित्र जुळवले जाते. श्वासाचा भार मात्र पेशंटवरच पडतो. हेडफोनमधून सूचना येते, ‘श्वास घ्या, सोडा, आता रोखून धरा’, आणि मग दहा-पंधरा सेकंद मशीनचा खडखडाट चालतो. हृदयाचे दहा-बारा छेद घ्यायचे, तर हे पुन्हा पुन्हा करावे लागते. पूर्ण तपासणीला पाऊण-एक तास सहज जातो. हृदय कमकुवत असलेल्याला नुसते उताणे झोपले तरी धाप लागते. ज्याला या तपासणीची गरज जास्त, त्यालाच ती सर्वांत जड जाते.

सगळा वेळ खातो तो मोजणीचा भाग. चित्रामागची कच्ची माहिती ओळीने भरत जावी लागते. यातल्या काही ओळी गाळायच्या आणि तरी चित्र बिघडू द्यायचे नाही, यावर संशोधकांनी भर दिला. झुरिकच्या क्लास प्रूसमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘सेन्स’ पद्धत मांडली. ओळी गाळल्या की चित्र घडी घातलेल्या कागदासारखे स्वतःवरच दुमडते. पण छातीवर ठेवलेल्या, संकेत टिपणाऱ्या प्रत्येक कॉइलला तोच भाग कमी-अधिक जोराने ‘ऐकू’ येतो, आणि त्या फरकावरून घडी उलगडता येते. २००७ मध्ये मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनी आणखी कमी, विखुरलेल्या मोजण्यांतून गणिताने चित्र उभे करण्याची वाट दाखवली. जर्मनीत ग्योटिंगेनला येन्स फ्राम यांच्या गटाने २०१० च्या सुमारास सुमारे ३० मिलिसेकंदांत एक चित्र घेतले. एवढ्या वेगात श्वास रोखायला नको आणि ईसीजीही नको. ठोके अनियमित असणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे.

आता चित्र जुळवायला कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. तिचे स्वागतच, पण न मोजलेले भरून काढताना स्नायूवरचा बारीक व्रण पुसला जाता कामा नये.

प्रश्न नेमका असेल, तर तपासणीच छोटी करता येते. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि त्यातले लोह हृदयात साठते. ते मोजायला हृदयाचा एक छेद आणि एकदा रोखलेला श्वास पुरतो. या मोजणीतून मिळणारा ‘टी-टू-स्टार’ नावाचा आकडा २० मिलिसेकंदांच्या खाली गेला, की लोह साठल्याचे कळते.