धंदा बुडाला, पगार बुडत नाहीं



वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखान्यांचे गाळे दाटीनें उभे आहेत. एखाद्या सकाळीं अशा गाळ्याला कुलूप दिसतें, आणि कामगाराच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो थकलेल्या पगाराचा. वाण्याचें देणें आणि खोलीचें भाडें कांहीं कारखान्याबरोबर बंद पडत नाहीं. तरी "धंदाच बुडाला, आतां मागावें कोणाजवळ?" असें म्हणून पुष्कळजण गप्प बसतात. हा समज चुकीचा आहे. केलेल्या कामाचें वेतन हें मालकावरील ऋण होय. मात्र तें वेळेवर मागावें लागतें.

१९३६ च्या वेतनविषयक कायद्याची जागा आतां वेतन संहिता, २०१९ हिनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आहे. आस्थापना बंद पडून नोकरी गेली, तर दोन कामाच्या दिवसांत सर्व वेतन चुकतें करावें, असें ती सांगते. तें न मिळाल्यास तीन वर्षांच्या आंत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो. पगार दिला होता हें सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे. गाळा एकट्या मालकाचा असेल, तर कायदा धंदा आणि मालक यांत भेद करीत नाहीं. कुलूप लावल्यानें तो ऋणमुक्त होत नाहीं.

कंपनीची गोष्ट निराळी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखालीं प्रकरण न्यायाधिकरणानें दाखल करून घेतलें, कीं इतर दावे थांबतात. मग जाहिरातींत दिलेल्या मुदतींत आपली मागणी तेथेंच नोंदवावी लागते. पुढें कंपनीची मालमत्ता विकून हिशेब मिटविण्याची वेळ आली, तर प्रथम त्या कामाचा खर्च निघतो. नंतर कामगारांचें २४ महिन्यांचें येणें, व त्याच्याच बरोबरीनें तारण सोडून सामील झालेल्या बँका. त्यामागून इतर नोकरांचा १२ महिन्यांचा पगार. हे महिने काम बंद पडल्या दिवसापासून नव्हे, तर मालमत्ता विकण्याचा हुकूम झाल्या दिवसापासून मागें मोजतात. त्याआधींची थकबाकी खालच्या क्रमांकास जाते. म्हणून विलंब कामगारालाच नडतो.

विलंब किती होतो, हें मुंबईच्या जेट एअरवेजवरून दिसून येईल. तिचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं. भविष्य निर्वाह निधि व ग्रॅच्युइटी नोकरांना द्यावी, हा अपील न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें कायम केला. परंतु कंपनी पुन्हां उभी करण्याची योजनाच फसली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं त्याच न्यायालयानें मालमत्ता विकून हिशेब मिटविण्यास सांगितलें. विमानें थांबल्यापासून तोंवर साडेपांच वर्षें गेलीं, आणि वाट संपली नव्हती.

यास्तव नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचें पासबुक व हजेरीचा पुरावा घरीं जपून ठेवावा. दोन पगार थकले कीं संघटनेमार्फत अथवा स्वतः लेखी मागणी करावी. औद्योगिक कामगारास १९८७ च्या कायद्यान्वयें मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. ती तालुका विधि सेवा समितीकडे मागतां येते. कुलूप लागण्याची वाट पाहूं नये.