गाव सुटते, दोस्ती का सुटावी?

यावलला रेल्वे नाही. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता गावावरून जातो, पण सुरत, मुंबई, पुण्याला निघायचे तर बहुतेकांना आधी बसने तापी ओलांडून भुसावळ जंक्शन गाठावे लागते. त्यामुळे आपल्या भागातली ताटातूट बसस्थानकावरच होते. मित्र पिशवी वर चढवून देतो, खिडकीशी उभा राहतो आणि "पोहोचलास की फोन कर" म्हणतो. फोन येतोही. पहिला महिना रोज, मग दर जुम्याला, मग फक्त ईदला. पुढे ईदलाही फोन नसतो. चंद्रकोरीचे एक तयार चित्र येते आणि तेच चित्र आणखी दोनशे जणांना गेलेले असते.

घराघरातून कोणीतरी बाहेर आहे. कोणी सुरतच्या कापड बाजारात, कोणी भिवंडीत मागावर, कोणी आखातात. सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्त्यांतली मुलेही शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दूर निघाली आहेत. मैत्री तुटली की आपण अंतराला दोष देऊन मोकळे होतो. आम्हाला ते पटत नाही. मैत्री मोडते ती हिशेबामुळे. मागच्या वेळी मी फोन केला होता, आता त्याची पाळी, असे दोन्हीकडून सुरू झाले की वर्षे निघून जातात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडून दिले. हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) अशाच नात्याने एकमेकांचे भाऊ झाले. सलमान (रजि.) एकदा भेटायला आले तेव्हा अबू दर्दांच्या पत्नी अगदी साध्या, दुर्लक्षित वेशात दिसल्या. पती दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज यातच गढलेले होते. सलमान (रजि.) यांनी मित्राला सरळ सांगितले की रबचा हक्क आहे तसा स्वतःच्या शरीराचा आहे आणि घरच्यांचाही आहे. प्रेषितांच्या (स.) कानावर हे गेले तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असे म्हटले.

ही गोष्ट आपल्याकडे बयानात अनेकदा ऐकायला मिळते. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. काळ बदलला, अबू दर्दा (रजि.) शाममध्ये गेले आणि सलमान (रजि.) इराकच्या बाजूला राहिले. मध्ये शेकडो मैलांचे वाळवंट. अबू दर्दांनी पत्र पाठवून मित्राला त्या पवित्र भूमीत बोलावले. उत्तर आले, त्यात गोड बोलणे नव्हते. माणसाला भूमी पवित्र करत नाही, त्याचे कर्म करते, असे सलमान (रजि.) यांनी कळवले. शिवाय, तुम्हाला तिकडे न्यायदानाचे काम मिळाल्याचे ऐकतो. ते नीट जमत असेल तर उत्तम, नसेल तर सांभाळा, कोणाचा जीव जाईल, अशा अर्थाचा इशाराही दिला. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ही नोंद आहे. त्यानंतर अबू दर्दा (रजि.) निकाल देऊन पक्षकारांना निरोप देत, पण पुन्हा मागे बोलावून त्यांची बाजू नव्याने ऐकून घेत. मित्र समोर नव्हता, तरी त्याच्या शब्दाने रोजच्या कामाची रीत बदलली. आपल्या मोबाइलवर दिवसाला पन्नास संदेश येतात, पण असे सांगणारा एक तरी असतो का?

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. ऑगस्ट १९४२ मध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांना अहमदनगरच्या किल्ल्यात कैद करण्यात आले. पंडित नेहरूही तिथेच होते. आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तेच अध्यक्ष होते. कैदेत मौलानांनी आपले जुने स्नेही नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहायला घेतली. पत्र टपालात पडणार नाही आणि मित्राच्या हाती जाणार नाही, हे ठाऊक असूनही ते लिहीत राहिले. राजकारणाच्या बाबतीत दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. शेरवानी साहेबांनी निजामाच्या हैदराबादेत मोठे पद सांभाळले होते, तर मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते. पत्रांत राजकारण जवळजवळ नाहीच. पहाटेचा चिनी चहा आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम यांचा इंतकाल झाला, मौलाना कैदेतच होते. ते दुःखही त्यांनी याच मित्राला लिहिले. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, ही पत्रे 'गुबारे खातिर' या नावाने पुस्तकरूपात आली.

चहा आणि चिमण्या. दूरच्या मित्राशी काय बोलावे, असे विचारणाऱ्यांना आम्ही हेच सांगू. "सब खैरियत" यापुढे बोलणे सरकत नाही, कारण आपल्याला वाटते की मोठी बातमी असेल तरच सांगावी. परदेशी बसलेल्याला मोठ्या बातम्या कळतातच. त्याला हवे असते ते वाऱ्याने कोणाची केळी आडवी झाली, शाळेजवळच्या चहावाल्याने दुकान कुठे हलवले, वर्गातल्या लेवा पाटलांच्या मुलाला मुलगी झाली का, हे.

थोडे व्यवहाराचे. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, दुबईचे दीड तास. इशा उरकून आपण निवांत होतो तेव्हा तिकडचा माणूस कदाचित कामावरच असतो. सौदीत शुक्रवार-शनिवार सुटी असते, सुरतच्या कारखान्यांत पाळ्या असतात. हे माहीत नसले की "उचलतच नाही" असा गैरसमज होतो. दुबईत व्हॉट्सॲपवरून थेट बोलता येत नाही, पण आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. पूर्वी आखातातून कॅसेटमध्ये आवाज भरून यायचा आणि सारे घर टेपभोवती बसून ऐकायचे. तीन मिनिटांचा असा संदेश चित्रापेक्षा कितीतरी मोलाचा. आणि पैसे. फक्त उसने मागायलाच फोन गेला तर समोरचा उचलायला कचरणारच. देणे-घेणे झालेच तर लिहून ठेवावे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारी लिहिण्याविषयीच आहे. दोस्तीत कागद कशाला, म्हणणाऱ्यांची दोस्ती बहुधा त्या पैशांपायीच संपते.

आता ज्याबद्दल आपण बोलत नाही ते. मुलाची मैत्री गाव सोडल्यावर सैल होते. मुलीची मैत्री निकाहच्या दिवशी संपली असेच आपण धरून चालतो. दहा वर्षे एका बाकावर बसलेल्या दोघी, एक बऱ्हाणपूरला दिली, एक मालेगावला. एकीचा नंबर बदलतो, दुसरीकडे फोन नवऱ्याच्या खिशात असतो. माहेरी आली तरी चार दिवस नातेवाइकांत जातात आणि मैत्रिणीच्या दारावरून रिक्षा निघून जाते. "मैत्रिणीशी एवढे काय बोलायचे?" हा प्रश्न तिला विचारला जातो, तिच्या भावाला कधी नाही.

हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) बकरी जबह करत तेव्हा त्यातला हिस्सा हजरत खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे पाठवत. खदीजा (रजि.) यांना जाऊन वर्षे झाली होती. पत्नीची मैत्रीण ही त्या घराला आपली जबाबदारी वाटत होती. आपल्या किती घरांत सुनेच्या मैत्रिणीचे नाव तरी माहीत असते? तिला फोन स्वतःचा असावा, माहेरच्या मुक्कामात अर्धा दिवस मैत्रिणीचा असावा, आणि ती मैत्रीण सासरी आली तर सासूने चहा टाकावा. एवढे करायला खर्च येत नाही.

भेटीला मात्र पर्याय नाही. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये एक माणूस केवळ अल्लाहसाठी आवडणाऱ्या भावाला भेटायला दुसऱ्या गावी निघतो आणि वाटेत फरिश्ता त्याला अल्लाहच्या प्रेमाची खबर देतो. त्याचे तिकडे काही काम नव्हते, काही येणेही नव्हते.

हिवाळ्यात बामणोदची भरिताची वांगी बाजारात येतात. त्यातली चार किलो पिशवीत घालून संध्याकाळच्या बसने भुसावळ गाठावे. रात्री गाडीत बसले की सकाळी सुरत येते.